ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि रणभूमीतील बटणे

आमच्या वऱ्हाडच्या काळ्या जमिनीचा असा स्वभाव आहे की, ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून मिटते. या उघडझापेत वरची वस्तू खाली जाते व खालची वस्तू वर येते. म्हणूनच जेथे पूर्वी लढाई झाली असेल, तेथे दोनशे वर्षांनंतरही नांगराच्या तासात एखादी शिशाची गोळी किंवा शिपायाच्या अंगरख्याचे बटण वर येणे अशक्य नाही. गोळी पाहिली म्हणजे येथे लढाई झाली एवढेच कळते. परंतु बटण त्याहून अधिक बोलते. ज्या सैन्यात बटणावर पलटणीचा आकडा घालण्याची चाल होती, त्या सैन्याचे एक बटण सापडले तरी त्या जागी कोणती पलटण उभी होती, हे समजू शकते.

ज्या पुरुषाचे चरित्र आज आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगणार आहोत, त्याच्या आयुष्याचा मार्ग अशा बटणांनी जणू आखला गेला आहे. त्याचे नाव आर्थर वेलस्ली. पुढे जग त्यास ड्यूक ऑफ वेलिंग्टन या नावाने ओळखू लागले. नेपोलियनचा पराभव करणारा सेनापती म्हणून त्याचे नाव पाठ्यपुस्तकात येते. परंतु वॉटर्लूच्या बारा वर्षे आधी तो आमच्याच वऱ्हाडात सैन्यासह फिरत होता, आणि बोरी अरब, दारव्हा, यवतमाळ या मुलखाचा धनी कोण असावा, याचा निकाल त्याच्या छावणीत झालेल्या एका तहाने लागला, ही गोष्ट आमच्या मुलांस क्वचितच ठाऊक असते.

आर्थरचा जन्म १ मे १७६९ रोजी आयर्लंडातील डब्लिन शहरी झाला असे मानतात. त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात कॉर्सिका बेटावर नेपोलियनचा जन्म झाला. आर्थरचा पिता सरदार असून संगीतशास्त्रात निपुण होता. तो १७८१ मध्ये वारला, तेव्हा आर्थर अवघा बारा वर्षांचा होता. त्याच वर्षी त्यास ईटन येथील प्रसिद्ध शाळेत घातले. परंतु तेथे त्याचे चित्त रमले नाही, व अभ्यासातही त्याने काही चमक दाखविली नाही. तीन वर्षांत त्यास तेथून काढावे लागले. थोरला बंधू रिचर्ड हा मोठा बुद्धिमान. त्याच्यापुढे हा मुलगा मंद, एकलकोंडा व अवघडलेला दिसे. मातेस त्याची मोठी चिंता वाटे, आणि हा लष्करावाचून दुसऱ्या कशाच्याही उपयोगी पडणार नाही, असे तिचे मत झाले होते. ज्या आईबापांस आपला मुलगा वर्गात मागे राहतो म्हणून दुःख होते, त्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पुढे फ्रान्समधील आंजे येथील अश्वारोहणाच्या शाळेत तो गेला. तेथे घोड्यावर बसणे व फ्रेंच भाषा या दोन्ही गोष्टी तो उत्तम शिकला, आणि त्याच्या वागण्यात धीटपणा आला.

१७८७ साली तो ७३ व्या पलटणीत अगदी खालच्या दर्जाचा अधिकारी झाला. त्या काळी इंग्रजी सैन्यात अधिकाराच्या जागा पैसे भरून विकत मिळत. बंधूकडून कर्ज घेऊन आर्थर पायरीपायरीने चढला, व १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. पित्याप्रमाणे तोही सारंगी जातीचे व्हायोलिन वाद्य वाजवीत असे. परंतु त्याच सुमारास त्याने आपली वाद्ये जाळून टाकिली व पुन्हा कधी हाती धरिली नाहीत, असे सांगतात. येथून त्याच्या आयुष्यातील कठोर उद्योगास आरंभ झाला.

येथे बटणाविषयी थोडे सांगितले पाहिजे. १७६७ साली इंग्रजी सैन्यात असा हुकूम निघाला की, प्रत्येक पायदळ पलटणीच्या बटणावर तिचा आकडा असावा. साध्या शिपायाचे बटण कथील व शिसे यांच्या मिश्रधातूचे, साच्यात ओतलेले असे. अधिकाऱ्याचे बटण रुपेरी किंवा सोनेरी मुलाम्याचे असे. १८५५ च्या सुमारास शिपायांची बटणे पितळेची झाली, व १८७१ मध्ये साध्या शिपायांच्या बटणावरील आकडा काढून सर्वांस राजचिन्हाचे एकच बटण देण्यात आले. यावरून जाणत्या मनुष्यास बटणाचा धातू व छाप पाहून त्याचा काळ ठरविता येतो. साच्यातले ते आकडे ज्याने पाडले त्यास हिशेबाची व शिस्तीची सोय पाहिजे होती. परंतु त्याच्या नकळत त्याने पुढील इतिहाससंशोधकांची सोय करून ठेविली.

१७९७ च्या फेब्रुवारीत आर्थर ३३ व्या पलटणीसह कलकत्त्यास उतरला. येताना त्याने हिंदुस्थानविषयी पुष्कळ ग्रंथ बरोबर आणिले होते, व समुद्रप्रवासाचा वेळ त्यांच्या वाचनात घालविला. पुढील वर्षी बंधू रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला. बंधूच्या वशिल्याने आर्थरची वाट सोपी झाली हे खरे, तथापि वशिल्याने रणांगण जिंकता येत नाही. १७९९ मध्ये टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत एका रात्री अंधारात आमराईवर त्याने केलेला हल्ला फसला व त्याची माणसे सापडली. जागेची पाहणी केल्यावाचून रात्री चालून जाण्याचा हा परिणाम होता. तो धडा त्याने जन्मभर विसरला नाही. ४ मे रोजी श्रीरंगपट्टण पडले, टिपू लढता लढता मारला गेला, व शहराचा कारभार आर्थरकडे आला.

याच काळातील एक गोष्ट त्याच्या स्वभावाची दुसरी बाजू दाखविते. धोंड्या वाघ नावाच्या बंडखोर सरदाराचा पाठलाग करून १० सप्टेंबर १८०० रोजी आर्थरने त्यास लढाईत मारिले. त्याच्या तळावर सलाबतखान नावाचा चार वर्षांचा मुलगा सापडला. शत्रूचे मूल म्हणून आर्थरने त्यास टाकून दिले नाही. त्याच्या पालनाची व्यवस्था केली, व पुढे हिंदुस्थान सोडताना त्याच्यासाठी पैसे ठेवून गेला.

आता आमच्या मुलखाचा प्रसंग येतो. १८०२ च्या ऑक्टोबरात यशवंतराव होळकराने पुण्याजवळ पेशवा बाजीराव व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. बाजीराव पळून इंग्रजांस शरण गेला, व ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने वसईचा तह केला. आर्थर वेलस्ली सैन्य घेऊन २० एप्रिल १८०३ रोजी पुण्यास पोहोचला व बाजीरावाची पुन्हा स्थापना झाली. दौलतराव शिंदे व नागपूरकर रघूजी भोसले यांस हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. ऑगस्टमध्ये युद्ध पेटले, आणि त्याच महिन्यात अहमदनगरचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला.

या मोहिमेत आर्थरचे खरे शस्त्र तोफ नव्हते. बैल व तांदूळ हे होते. शिपायाच्या पोटाची सोय आधी, मग कूच, असा त्याचा नियम होता. धान्याच्या गोणी बैलांवर लादून सैन्याबरोबर चालणारे बंजारे म्हणजे त्याच्या फौजेचा आधारस्तंभ होते. आमच्या दारव्हा, दिग्रस, पुसद भागांतील तांड्यांवर राहणाऱ्या मुलांनी हे अवश्य ध्यानात घ्यावे की, त्यांच्या समाजाचा हा धंदा नसता तर त्या काळी दक्षिणेत कोणतीही मोठी मोहीम पार पडली नसती. मोठ्या सेनापतींच्या चरित्रांत त्या बंजाऱ्यांची नावे मात्र लिहिली जात नाहीत.

२३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदनजवळ, आजच्या जालना जिल्ह्यात, असई गावापाशी दोन्ही सैन्यांची गाठ पडली. मराठ्यांची फौज कैलना व जुई या नद्यांच्या मध्ये होती. त्यांच्याकडे कवायती पायदळ, शंभराच्या आसपास तोफा व अफाट घोडदळ होते. आर्थरच्या मुख्य बळात जेमतेम साडेचार हजार माणसे होती. नदीस उतार नाही असे वाटाड्यांनी सांगितले. परंतु दुर्बिणीतून पाहता दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावे त्यास दिसली. शेजारच्या गावांचे एकमेकांकडे जाणे-येणे असणारच; तेव्हा मध्ये उतारही असला पाहिजे, असा साधा तर्क त्याने केला. तर्क खरा ठरला व सैन्य नदीपार झाले. श्रीरंगपट्टणच्या अंधारात पाहणी न केल्याने जो घसरला, तोच चार वर्षांनी पाहून व विचार करून तरला.

लढाई अत्यंत घनघोर झाली. इंग्रजी सैन्याच्या उजव्या अंगाच्या तुकडीचा नायक हुकमापेक्षा फार उजवीकडे, थेट असई गावाच्या रोखाने गेला. ७४ वी हायलंडर पलटण त्याच्या मागोमाग गेली आणि गावातील तोफांच्या तोंडी सापडून तिचा बहुतेक नाश झाला. मराठी गोलंदाजांनी त्या दिवशी जे शौर्य दाखविले, ते शत्रूनेही मान्य केले. तोफांवरून शत्रू पुढे गेल्यावर मेल्याचे सोंग घेऊन पडलेले गोलंदाज उठले व त्यांनी त्याच तोफा फिरवून इंग्रजांच्या पाठीवर डागल्या. आर्थरचे दोन घोडे त्याच्या मांडीखाली कामास आले. सायंकाळी जय त्याचा झाला. परंतु त्याची दीड हजारांहून अधिक माणसे मेली किंवा जखमी झाली होती, व मराठ्यांची हानी याहून पुष्कळ अधिक होती. त्या रात्री तो गुडघ्यांत मान घालून कितीतरी वेळ बसून होता असे सांगतात. पुढे वृद्धपणी आपली सर्वांत उत्तम लढाई कोणती असे विचारले असता, त्याने वॉटर्लूचे नाव न घेता असईचे घेतले, अशीही गोष्ट प्रसिद्ध आहे. तेथे लढलेल्या ७४ व्या पलटणीस हत्तीचे सन्मानचिन्ह मिळाले.

आता बटणाचे महत्त्व आमच्या वाचकांच्या लक्षात येईल. असई गावाच्या कडेच्या एखाद्या शेतात ७४ आकड्याचे बटण जागच्या जागी सापडले, तर ती दुर्दैवी पलटण कोठवर पोहोचली होती याची साक्ष कागदावाचून मिळेल. तेच बटण कोणी उचलून भंगारवाल्यास दिले, तर तो केवळ कथलाचा एक तुकडा उरतो. वस्तूइतकीच, किंबहुना अधिक, ती सापडल्याच्या जागेची किंमत आहे.

असईनंतर २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगाव येथे लढाई झाली. असईत शूरपणे लढलेलेच काही शिपाई येथे तोफांच्या पहिल्या माऱ्यात घाबरून मागे फिरले. आर्थरने त्यांस शिव्याशाप दिले नाहीत. शांतपणे एकत्र करून पुन्हा जागेवर नेले व जमिनीवर निजविले. थोड्याच वेळात त्यांनीच लढाई जिंकली. पुढे सातपुड्यातील गाविलगडाकडे मोर्चा वळला. डोंगरांतून अनेक मैल तोफा ओढून नेण्यात आल्या, व १५ डिसेंबर रोजी तो किल्ला पडला. किल्लेदार बेनीसिंग लढत पडला, आणि गडावर मोठी कत्तल झाली. लुटारू शिपायांस फाशी देणारा हा कडक सेनापती तेथील रक्तपात थांबवू शकला नाही, हेही चरित्रकाराने लपवू नये.

दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगावच्या छावणीत रघूजी भोसल्यांशी तह झाला. त्यापूर्वी वऱ्हाडात निजाम व भोसले यांचा दोअमली कारभार होता, म्हणजे एकाच रयतेकडून दोन धनी वसूल घेत. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील मुलूख भोसल्यांनी सोडला व तो निजामाकडे गेला. गाविलगड व नरनाळा हे किल्ले मात्र भोसल्यांस परत मिळाले. आमचे बोरी अरब त्याच मुलखात येते. येथील कुणब्यास, कोष्ट्यास किंवा व्यापाऱ्यास त्या तहाविषयी कोणी विचारिले नव्हते. पुढे १८५३ मध्ये वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांकडे आला. दरम्यान १८१८ च्या एप्रिलात पळता पळता आमच्याच जिल्ह्यातील पांढरकवड्याजवळ बाजीरावाच्या सैन्याचा कर्नल अॅडम्सने पराभव केला. तेव्हा जुन्या रणभूमी आमच्यापासून फार दूर आहेत असे कोणी समजू नये.

१८०४ मध्ये दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा नगर येथे उपाशी लोकांस अन्न व काम देण्याची व्यवस्था आर्थरने केली. १८०५ च्या मार्चमध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. वाटेत सेंट हेलिना बेटावर ज्या बंगल्याच्या आवारात तो राहिला, तेथेच दहा वर्षांनी पराभूत नेपोलियनचा काही काळ मुक्काम व्हावा, हा दैवाचा विलक्षण योग होय.

त्याच्या पुढील आयुष्याची हकीकत सर्वश्रुत असल्याने आम्ही संक्षेपाने सांगतो. १८०८ पासून १८१४ पर्यंत पोर्तुगाल व स्पेन देशांत त्याने फ्रेंच सेनापतींशी झुंज दिली. असई व वऱ्हाडात शिकलेली बैलांची व धान्याची विद्या त्यास तेथे उपयोगी पडली. १८१४ मध्ये त्यास ड्यूक ही पदवी मिळाली. १८ जून १८१५ रोजी बेल्जममधील वॉटर्लू येथे प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याच्या साह्याने त्याने नेपोलियनचा कायमचा पराभव केला. त्या एका दिवसात दोन्ही पक्षांचे मिळून सुमारे पन्नास हजार लोक मेले किंवा घायाळ झाले. १८२८ मध्ये तो इंग्लंडचा मुख्य प्रधान झाला. १८२९ मध्ये रोमन कॅथॉलिक प्रजेस पार्लमेंटात बसण्याचा हक्क देणारा कायदा त्याने आपल्याच पक्षाचा विरोध पत्करून संमत करविला. परंतु मताधिकार वाढविण्याच्या सुधारणेस त्याने हट्टाने विरोध केला. तेव्हा लंडनच्या लोकांनी वॉटर्लूच्या या वीराच्या घराच्या खिडक्या दगडांनी फोडल्या. १४ सप्टेंबर १८५२ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी तो मरण पावला. त्याची प्रेतयात्रा अपूर्व थाटाची झाली, व सेंट पॉलच्या मंदिरात त्याचे दफन झाले.

त्याचे थडगे संगमरवर व ब्राँझ यांच्या स्मारकाने गाजते. परंतु त्याच्या हुकमाने जे पडले त्यांचे काय? २०१५ पासून वॉटर्लूच्या रणभूमीवर पुरातत्त्ववेत्ते काम करीत आहेत, व युद्धात जखमी झालेले आधुनिक सैनिक त्यांस मदत करितात. मातीतून गोळ्या, बटणे व जखमी शिपायांचे कापलेले हातपायही निघाले आहेत. २००१ मध्ये लिथुएनियातील विल्न्यूस शहरी नेपोलियनच्या रशियाहून परतलेल्या सैन्याची हजारो प्रेते एका खड्ड्यात सापडली. तेथेही बटणांवरील आकड्यांमुळेच हे लोक कोणत्या पलटणींचे, ते कळले. थंडीने नेपोलियनच्या शिपायांची कथलाची बटणे भुकटी होऊन गळाली व म्हणून सैन्य गारठून मेले, अशी एक कथा सांगतात. शुद्ध कथील फार थंडीत ठिसूळ होऊन भुगा होते हे शास्त्र खरे. परंतु रणभूमीतून आजही धड बटणे निघतात, त्यावरून सैन्य बटणांनी नव्हे, तर उपासमार, ज्वर व थंडी यांनी मेले, हे उघड होते.

तथापि बटणाची साक्षही अपुरी असते, हे आम्ही विसरू नये. आमचे मराठे स्वार बाराबंदी किंवा अंगरखा घालीत, व त्यास बटणे नसून सुती बंद असत. सुताचा बंद काळ्या जमिनीत चार पावसाळेही टिकत नाही. म्हणून असई व अडगावच्या मातीत हायलंडरचा आकडा सापडू शकतो. परंतु तोफेस मिठी मारून मेलेल्या आमच्या गोलंदाजाचा माग तेथे लागत नाही. कंपनीच्या पलटणीत चाकरी करणारे मद्रासी शिपाई, लढाईमागे धान्य वाहणारे बंजारे, गाविलगडावर तोफा ओढणारे मजूर, यांचे तर नावही नाही आणि आकडाही नाही. मातीने काय ठेवावे हे मनुष्याच्या योग्यतेवर नव्हे, तर त्याच्या कपड्याच्या वस्तूवर अवलंबून असते. यास्तव जे सापडते तेवढाच इतिहास, असे समजणारा फसेल.

वेलिंग्टनच्या चरित्रापासून आमच्या विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? चुकीपासून शिकणे, दुसऱ्याच्या पोटाची काळजी आधी करणे, भ्यालेल्यास धीर देऊन पुन्हा उभे करणे, आणि जे दिसते त्यावरून विचारपूर्वक तर्क करणे, हे त्याचे गुण घेण्याजोगे आहेत. त्याने ज्या कंपनी सरकारची सेवा केली, तिने आमचे स्वातंत्र्य हिरावले, हेही तितक्याच स्पष्टपणे ध्यानात ठेवावे. गुण घेताना दोष झाकण्याचे कारण नाही, व दोष दिसले म्हणून गुण टाकण्याचेही नाही.

आणि एक लहानसे काम आम्ही आमच्या वाचकांवर सोपवितो. नांगरताना, विहीर खणताना किंवा नदीच्या दरडीत एखादे जुने बटण, गोळी, नाणे आढळले, तर ते घासून चकचकीत करू नये व विकू नये. सापडलेली जागा, खोली व दिवस वहीत लिहून ठेवावा, आणि आपल्या शिक्षकांस दाखवावे. जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची चीज सापडल्यास १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांस कळविणे बंधनकारक आहे; तसेच गाविलगडासारख्या संरक्षित स्थळी खणणे मना आहे. मुद्दाम उकरण्याच्या मागे तर कोणी लागूच नये.

आमच्या येथील एखाद्या मुलाच्या हाती उद्या तसे बटण आलेच, तर त्यावरील आकडा वाचून झाल्यावर त्याने क्षणभर थांबावे. तो आकडा एका पलटणीचा असतो. परंतु बटण एका मनुष्याच्या छातीवरचे असते. त्यासही घरी आई होती, व ती त्याची वाट पाहत होती. सेनापतीचे नाव इतिहासाने राखिले. ज्यांचे नाव कोणीच राखिले नाही, त्या सर्वांची, आपल्या व परक्या, नावे परमेश्वराच्या दफ्तरी लिहिलेली आहेत, अशी आमची श्रद्धा आहे. आणि आम्ही त्यांची आठवण ठेविली, तर तेवढे आमचे कर्तव्य आम्ही केले असे होईल.